खंडूभाऊंचं राहिलेलं हळदीचं गाणं

खंडूभाऊ गेले, आणि अख्खं पनवेल आज कॉलर धरलेले फोटो टाकतंय.

डोकं फिरलंय माझं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. खंडूभाऊ पिक्चरमध्ये कायम मारामारी करणारे. कधी गुंड, कधी इन्स्पेक्टर. कुठेही गेले की पोरं मागे लागायची, भाऊ, माझी कॉलर धरा ना. भाऊ कॉलर धरून डोळे वटारायचे, की झाला फोटो.

माझ्याकडे पण आहे. टाकणार नाही.

कारण भाऊंनी एक पिक्चर असाही केला होता, ज्यात ते कुणावर हातच उचलत नाहीत. हळदीत गाणारा ऑर्केस्ट्रावाला. जन्मभर दुसऱ्यांच्या हळदी गाजवतो आणि शेवटी स्वतःच्या पोरीच्या हळदीत गायला उभा राहतो.

आवाज त्यांचा स्वतःचा. जाडाभरडा, पण खरा. मी थेटरात रडलो, त्यात लाज कसली.

शेजारी आमचा बंटी होता, मित्रमंडळाचा अध्यक्ष. तो इंटरवललाच उठला. "एक पण फाईट नाय रे. चल, वडापाव खाऊ."

पुढे भाऊ आमच्या क्रिकेट टुर्नामेंटला बक्षिसं द्यायला आले. माईक घेतला आणि म्हणाले, "आज तुम्हाला ते हळदीचं गाणं ऐकवतो."

एक ओळ झाली असेल. लगेच पब्लिक सुरू. डायलॉग, डायलॉग.

भाऊ थांबले. हसले. डायलॉग मारला, शिट्ट्या घेतल्या.

गाडीत बसताना मी म्हटलं, "भाऊ, गाणं राहिलं."

"राहू दे रे. पुढच्या वेळी पूर्ण म्हणतो. तू फक्त यांना गप्प बसव."

आज संध्याकाळी मंडळाची शोकसभा होती. कामोठ्यात, टुर्नामेंटच्या त्याच मैदानात. फ्लेक्सवर भाऊंच्या हातात पिस्तूल. खाली बंटीसकट सगळ्या मंडळाचे हात जोडलेले फोटो.

मी गाणं मोबाईलमध्ये नेलं होतं. म्हटलं, शांत बसून एकदा पूर्ण ऐकू या.

बंटी म्हणाला, "डोकं ठिकाणावर हाय ना? दुखवट्यात हळदीचं गाणं कोण लावतं? लोक नावं ठेवतील आमाला."

"अरे, बाप पोरीला निरोप देतोय त्यात. कधी पूर्ण ऐकलंस का?"

"हळद ती हळद. नाय म्हंजे नाय."

मग स्पीकरवर काय लावलं? डायलॉग.

आणि दुखवट्यात शिट्ट्या पडल्या. त्या बऱ्या चालतात. माणूस गेला तरी त्याला मारामारीच करायला लावलीत तुम्ही.

बंटी, तू हे वाचणार. वाच.

भांडून निघून आलो. आता नवीन पनवेलला, घरी आहे. स्पीकर गॅलरीत आणून ठेवलाय. एकदा आवाज चेक केला, तर खालच्या काकू वर आल्या.

"कुणाची हळद आहे रे?"

"कुणाची नाही काकू. एक माणूस गेलाय, त्याचं गाणं म्हणायचं राहिलंय."

मला वाटलं ओरडतील. काकू तर आत येऊन खुर्ची ओढून बसल्या.

भाऊ, पब्लिक फार नाही. मी आणि या काकू.

आज कुणी मध्ये ओरडणार नाही.

पूर्ण म्हणा, आणि मग सावकाश जा.