पेपर वाचता येईल एवढा उजेड

वायरमन नाना दिवा विकत घ्यायला येताना दिसले की पनवेलच्या बाजारातले दोन दुकानदार तरी चहाच्या निमित्ताने सटकायचे. खोक्यावरच्या छापील अक्षरावर नानांचा काडीचा विश्वास नव्हता. वॉट किती, रंग कोणता, वॉरंटी किती वर्षांची, हे सगळं बाजूला सारून ते दिवा लावून दाखवायला सांगायचे. एक नाही, चांगले पाच. मग प्रत्येकाखाली तळहात धरून उभे राहायचे. मागे गिऱ्हाईकं खोळंबलेली, शेजारी मी लाजेने अर्धी झालेली, आणि नाना निवांत म्हणायचे, "कंपनी कायपन लिवते गो. आपल्या डोल्यांनी बगायचं."

नाना म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे काका. वीज खात्यातून वायरमन म्हणून निवृत्त झाले. आमच्या विचुंबे गावातल्या जुन्या घरांपैकी कित्येकांत पहिला बल्ब त्यांच्याच हाताने लागला होता, आणि हे ते कुणाला विसरू देत नसत. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिले. त्यांना जाऊन आता वर्ष झालं. माझा त्यांच्यावर जीव होता, पण चार महिने मी त्यांच्यावर जितकी चिडले तितकी जन्मात कुणावर चिडले नाही.

त्याला कारण माझी अळंबी. मी घरात धिंगरी अळंबी लावणार म्हटल्यावर सगळे हसले होते. अळंबी म्हणजे श्रावणात रानात आपोआप उगवणारी वस्तू, ती खोलीत पिशव्या टांगून पिकवायची हे सासूबाईंच्या पचनी पडेना. तळमजल्यावरची नानांची खोली तेव्हा भाडेकरूने नुकतीच सोडली होती. नानांनी कुणालाही न विचारता चावी माझ्या हातात ठेवली. नवऱ्याने मात्र अट घातली, की दिवाळीपर्यंत नीट पीक आलं नाही तर खोलीत परत भाडेकरू येईल. तो दिवसभर द्रोणागिरीच्या गोदामात कामाला, सासूबाई त्यांच्या भजनात. माझी नोकरी सुटल्यापासून माझं म्हणावं असं घरात काही राहिलं नव्हतं. ती खोली मला हवी होती, अगदी हट्टाने हवी होती.

पहिली चूक माझीच. मोबाइलवर बघून मी गुलाबी-जांभळे एलईडी मागवले, झाडांना लावतात ते. नाना दारातूनच म्हणाले, "गणपती बसवलास काय गो?" मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पुढे अळंबीच्या प्रशिक्षणाला गेले तेव्हा तिथले सरही तेच म्हणाले, फक्त जरा सभ्य शब्दांत. अळंबी काही हिरवं झाड नव्हे, उजेडावर तिचं पोट भरत नाही. पिशवीतल्या पेंढ्यात बी पसरेपर्यंत तर तिला अंधारच लागतो. नंतर कोंब फुटायला आणि छत्री नीट उघडायला साधा पांढरा उजेड दिवसाचे दहाएक तास मिळाला की झालं. मी विचारलं, पण सर, पांढरा म्हणजे किती वॉटचा? ते म्हणाले, "खोलीत उभं राहून पेपर वाचता आला की पुरे."

हे मी घरी येऊन नानांना सांगितलं, आणि तिथेच फसले. दुसऱ्या दिवशी ते पेपर घेऊन खोलीत हजर. आम्ही दोन छोट्या ट्यूब लावल्या होत्या. मी त्यांच्या हातातून पेपर घेऊन बातम्या, बाजारभाव, निधनवार्ता, सगळं घडाघडा वाचून दाखवलं. नानांनी पेपर डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मान हलवली. मोठी अक्षरं दिसतात, बारीक नाही, म्हणाले. मला येतंय ना वाचता, असं मी म्हटलं तर म्हणे, तू पाठ केलेलं म्हणतेस. दोनाच्या चार ट्यूब झाल्या. मग चार मोठ्या. गौरी-गणपतीपर्यंत आठ. छत बुटकं असल्याने त्या पिशव्यांच्या जेमतेम वर आल्या, आणि वायरिंग नानांचं असल्यामुळे त्यातली एकही हलवायची मला मुभा नव्हती.

दिवे लावायचा मानही त्यांचाच. मी टायमर आणून बसवला, तो त्यांनी संध्याकाळच्या आत काढून माझ्या हातात दिला. दिवा माणसाच्या हाताने लागला पाहिजे, यंत्राने नाही. तिन्हीसांजेला खाली यायचे, बटण दाबायचे, डोळे मिटून हात जोडायचे. आमच्याकडे घरातला बल्ब लावला तरी सगळेच हात जोडतात, पण नाना तसेच बराच वेळ उभे राहायचे. मग वळताना त्यांचा खांदा हटकून एखाद्या पिशवीला लागायचा आणि ओळीने चार पिशव्या झुलायच्या. नाना, जरा बघून चाला, हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. कधी कधी तर ओरडलेच.

ऑक्टोबर लागला आणि आठ ट्यूबच्या धगीने खोलीची भट्टी झाली. कोंब टाचणीच्या डोक्याएवढे फुटायचे आणि दोन दिवसांत वाळून तपकिरी पडायचे. मी दिवसातून चार-चार वेळा पाणी फवारत होते. नवीन पनवेलच्या एका हॉटेलवाल्याने नमुन्याचा डबा उघडून बघितला आणि तसंच झाकण लावून परत दिला. त्या दिवशी मी घरी येऊन नानांना तोंडावर म्हटलं, तुमच्या उजेडाने माझी खोली जाणार. ते जेवत होते. आमटी त्यांनी वाटीबाहेर ताटातच वाढून घेतली होती, तेही मला निष्काळजीपणाच वाटला. वर बघून एवढंच म्हणाले, "मना खोलीत उजेड दिसत नाय, तर तुज्या अलंबीला काय दिसनार?"

त्याच आठवड्यात भाचीच्या साखरपुड्यासाठी नाना आठ दिवस उरणला गेले. त्यांची रिक्षा वळली तशी मी स्टूल घेऊन खोलीत शिरले. मेन स्विच बंद केला, आठही ट्यूब उतरवल्या, आणि पहिल्या दोन छोट्या परत लावल्या. एक झरोका उघडला. दिवे सकाळीच लावायला लागले. पाचव्या दिवशी कोंब फुगले, सातव्या दिवशी पिशव्यांना करड्या छत्र्यांचे घोस लगडले. मी एकटीच त्या खोलीत हसत उभी राहिले. खोली राहिली, हा आनंद तर होताच, पण खरं सांगायचं तर त्याहून मोठा आनंद नानांना हरवल्याचा होता. ते कधी येतात आणि कधी त्यांना दाखवते असं मला झालं होतं.

ते भर दुपारी आले. हातातलं सामान ठेवूही न देता मी त्यांना खाली नेलं. दार उघडलं. दोन्ही ट्यूब लागलेल्या होत्या, घोस न् घोस दिसत होता. नाना उंबऱ्यात थांबले.

"अजून दिवं लावलं नाय गो?"

मला वाटलं, टोमणा मारताहेत. मी म्हटलं, "पुरे झाली नाटकं, नाना."

त्यांनी भिंतीवर हात फिरवत बटण शोधलं आणि दाबलं. ट्यूब विझल्या. आणि नानांनी डोळे मिटून हात जोडले.

त्या अंधाऱ्या खोलीत ते नेहमीसारखेच बराच वेळ उभे होते. मग त्यांनी डोळे उघडले, इकडे-तिकडे मान वळवली, हळूच बोटं पुढे केली आणि त्यांना अळंबीचा घोस लागला. तो त्यांनी खालून वरून चाचपला. "चांगली आलीत गो," म्हणाले. मी बटण दाबून दिवे लावले, पण मी काय केलं ते त्यांना कळलं की नाही, मला विचारवलं नाही.

दुसऱ्याच दिवशी नवऱ्याने सुट्टी टाकली आणि आम्ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या दुपारपर्यंत चालल्या. काचबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. बाजूची नजर केव्हाच गेली होती, मधली राहिली होती ती जेमतेम. गेलेली परत येत नाही, डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आला असतात तर उरलेली बरीच वाचली असती. नाना खुर्चीत ताठ बसून होते, कुणा दुसऱ्याबद्दल बोलणं चालल्यासारखे.

डॉक्टरांनी मग आमच्याकडे बघितलं. म्हणाले, यांना कमी दिसतंय हे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का?

मी म्हटलं, "ते रोज सांगत होते. आम्ही ट्यूब वाढवत राहिलो."