सरांना फार आनंद होतोय

दोन हजार चारच्या सुमारास मी नाशिकमधल्या एका दूरशिक्षण संस्थेत काम करत होते. बालवाडी शिक्षिकांचा आमचा अभ्यासक्रम तोवर पोस्टाने जायचा. तो इंटरनेटवर आणायचा आणि त्यासाठी वेबसाइट नव्याने करायची असं ठरलं. काम माझ्याकडे आलं, कारण ऑफिसात कुणाचाही संगणक बंद पडला की मलाच हाक मारायचे.

बैठका झाल्या. प्रत्येक विभागप्रमुखाला आपला विभाग पहिल्याच पानावर हवा होता. परीक्षा विभागाने सूचनांची सरकती पट्टी मागितली. ग्रंथालयानेही मागितली, पण उलट्या दिशेने सरकणारी. संचालकांना स्वतःचा फोटो आणि मनोगत हवं होतं. सगळ्यांचं ऐकलं गेलं. विद्यार्थी शिकणार कसे, हा विषय शेवटच्या बैठकीत होता. ती चहा होताच संपली.

मी म्हटलं, "सर, सुरू करण्याआधी एखाद्या विद्यार्थिनीला वापरून बघू द्या."

"जरूर," संचालक म्हणाले. "सगळ्यांसमोरच बघू. फक्त तिला कुणी काही सांगायचं नाही."

देवळाली कॅम्पातून एक बाई आल्या. मूळच्या देवळा तालुक्यातल्या, नवरा तोफखान्यात हवालदार. मी त्यांना संगणकासमोर बसवलं. मागे संचालक आणि सगळे विभागप्रमुख उभे राहिले.

"ताई, पहिला धडा उघडून वाचा," मी सांगितलं.

त्यांनी माउस जपून हलवला, त्या संचालकांच्या फोटोपाशी थांबल्या आणि मनोगत वाचायला लागल्या. अगदी शेवटपर्यंत वाचलं. आजवर ते कुणी पूर्ण वाचलं नसावं. संचालकांचा चेहरा निवळला.

"झाला वाचून," बाई म्हणाल्या.

"काय समजलं?" संचालकांनी विचारलं.

"सरांना फार आनंद होतोय."

कुणी हसलं नाही. परीक्षा विभागाचे प्रमुख पंख्याकडे बघत राहिले.

"आणखी काही?"

"बाकीचं पुढच्या धड्यात असेल ना?"

संचालक खुर्ची ओढून शेजारी बसले. "मी दाखवतो," म्हणाले. त्यांनी ग्रंथालय उघडलं, निविदा उघडल्या, मग सुट्ट्यांची यादी. धडा काही सापडेना. सांगायचं नाही असं त्यांनीच बजावल्यामुळे आम्ही गप्प होतो.

"राहू द्या सर," बाई हळूच म्हणाल्या. "सवय नसली की होतं असं."

ते उठले आणि मला म्हणाले, "पहिल्या पानावर फक्त धडे ठेवा. माझा फोटो आत टाका."

"आत कुठे, सर?"

"जिथे धडा होता तिथे."

त्यानंतर बाई अधूनमधून यायच्या. मी अख्खं पुस्तक जसंच्या तसं चढवलं होतं. खाली जाता जाता वरचं विसरायला होतं, असं त्या म्हणाल्या. मग आम्ही एकेका धड्याचे लहान तुकडे केले आणि प्रत्येकाखाली एक प्रश्न ठेवला. चित्रं मी हौसेने घातली होती; त्यांच्यामुळे पान उघडायला वेळ लागायचा, म्हणून तीही काढली. मला जरा वाईट वाटलं.

तेवढ्यात त्यांच्या नवऱ्याची आसामात बदली झाली. मला वाटलं, सुटला अभ्यास. पण काही महिन्यांनी त्यांचा ईमेल आला, रोमन अक्षरांत लिहिलेलं मराठी. लाइन फार संथ आहे, तरी धडे उघडतात, असं लिहिलं होतं.

त्या पास झाल्या आणि तिथल्या लष्करी वसाहतीत बालवाडी चालवू लागल्या. मुलं पंजाबी, तमिळ, गढवाली. बाई त्यांना मराठी बडबडगीतं शिकवत होत्या. अजून कुणी तक्रार केलेली नाही, असं त्यांनी कळवलं होतं.