विहिरीकडच्या झाडांचा उपास

विद्यापीठातून आलेल्या माती-संशोधकांनी मला फसवलं. मी त्यांना फसवलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझा धंदा ऐकला की लोक उलटं समजतात.

मी बैलबाजारातला दलाल. वडिलांनी मागे ठेवला तो फक्त मोठा आवाज, बाकी सगळं मी मिळवलं. आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. हातांवर दुपट्टा टाकायचा, त्याखाली एकमेकांची बोटं दाबायची, आणि हात सुटला की सौदा पक्का. घरी नेताना बैल वाटेत लंगडला तरी माणूस परत येऊन तक्रार करत नाही. असल्या सौद्यांतून मी गडचांदूरच्या अलीकडे जमीन घेतली. सिमेंटवाल्यांना जो दगड लागतो तोच माझ्या शेतात हातभर खाली आहे. मी तिथे संत्रा लावला तेव्हा गाव हसलं. विहिरीकडची माती खोल, तिथली झाडं जोमाने वाढली, फळाला आली. बाकीच्या बागेत मात्र पानं पिवळी पडत होती. शिरा हिरव्या, मधलं सगळं पिवळं.

त्या पिवळेपणाचा वास विद्यापीठाला लागला. पांढऱ्या गाडीतून प्राध्यापक उतरले, सोबत पीएच.डी. करणारी एक मुलगी. दोघांच्याही टोपीवर मातीच्या आरोग्याबद्दल काहीतरी लिहिलेलं. त्यांनी नळीने जमिनीतून माती काढली, तिच्यावर आम्लाचे थेंब टाकले. माती फसफसली.

"वा! काय सुंदर चुनखडी आहे!" प्राध्यापक म्हणाले.

डॉक्टरने ताप मोजावा आणि टाळी वाजवावी, तसं ते. मग पानं तोडली. कुठलंही पान चालत नाही. फळ नसलेल्या फांदीचं, टोकापासून ठरावीक अंतरावरचं, ठरावीक वयाचं. आमच्याकडे मुलीसाठी स्थळ बघतानाही एवढी चौकशी होत नाही. ती पानं पिशव्यांत घालून बर्फाच्या पेटीत ठेवली. पानं थंड होऊन गाडीतून गेली. बागेचा मालक उन्हात उभा राहिला, त्याला कोणी पाणीही विचारलं नाही.

पुढच्या फेरीत त्यांनी प्रयोग मांडला. बागेचे चार भाग करायचे. तीन भागांना वेगवेगळं खत, आणि चौथ्याला काहीच नाही. त्या चौथ्याला ते 'कंट्रोल' म्हणतात. आमच्याकडे कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. तिथे निदान रांगेत उभं राहिलं तर काहीतरी हाती पडतं.

"उपाशी ठेवायचं तर रस्त्याकडची ठेवा," मी म्हणालो. "ती तशीही मरून राह्यली."

"तसं करता येत नाही, भाऊ. निवड आमच्या हातात नसते. चिठ्ठी टाकावी लागते."

"बाग माझी, आन् मालक चिठ्ठी?"

त्यांनी चिठ्ठी टाकली. निघाल्या विहिरीकडच्या ओळी. माझी सगळ्यात चांगली झाडं.

मी भडकलो. नळी, पेटी, पिशव्या, सगळं गाडीत भरा म्हणालो. मुलगी घाबरून चारदोन पावलं मागे सरकली. प्राध्यापक मात्र मुरलेले होते. म्हणाले, "प्रयोग संपला की जे खत सगळ्यात चांगलं ठरेल, ते आम्ही स्वतः या झाडांना घालू. ती सुधारेपर्यंत येत राहू."

मी खांद्यावरचा दुपट्टा काढला. हात आत घाला म्हणालो. आमची रीत समजावून सांगितली, एकदा नाही, दोनदा. त्यांनी हसत हात घातला. मी बोटं दाबली, त्यांनीही दाबली. मुलीने मोबाइलवर फोटो काढला. माझ्या लेखी तो करार होता. त्यांच्या लेखी ती सहलीतली गंमत होती, हे मला फार उशिरा कळलं.

मी माझा शब्द पाळला. विहिरीकडच्या झाडांना पाण्याशिवाय काही दिलं नाही. बायकोने एकदा शेणखताची टोपली उचलली, मी ती तिच्या हातातून घेतली.

"लेकरासारखी वाढवली ना झाडं, त्यायले काऊन उपाशी ठेवता?"

"सौदा झाला आहे."

"बैल घेताना दात पाह्यता. साहेबाचे काऊन नाई पाह्यले?"

बांधावरून जाणारा शेजारी रोज थांबायचा. "काय भाऊ, झाडायले उपास धरवला का? फराळाले काय देता?"

तिकडे बाकीच्या भागांत खत पडत होतं. पिशव्यांवर नाव नसे, फक्त अक्षर: अ, ब, क. 'क'ची झाडं हळूहळू हिरवीगार झाली. खोटं कशाला बोलू, खत चांगलंच होतं. विहिरीकडची मात्र फिकट होत गेली. नवी पानं लहान यायला लागली, शेंडे वाळले. दर फेरीला प्राध्यापक खूश. "किती स्पष्ट फरक आहे!" ते मुलीला म्हणायचे. माझी झाडं जितकी खंगत होती, तितका तिचा प्रबंध बाळसं धरत होता.

मग शेवटची पानं बर्फाच्या पेटीत बसून गेली. झाडांना लावलेले बिल्लेही त्यांनी मोजून परत नेले, विद्यापीठाची मालमत्ता म्हणून.

मी विचारलं, "विहिरीकडं खत कधी घालता?"

"प्रकल्प संपला, भाऊ. आता ते विस्तार विभाग बघेल."

"मंग 'क'च्या पिशवीत काय होतं ते तरी सांगा. मी घालतो."

"संशोधन प्रसिद्ध होईपर्यंत सांगता येत नाही."

विस्तार विभाग म्हणजे विद्यापीठाचाच, शेतकऱ्यांना सल्ला देणारा. त्यांना फोन केला. ते म्हणाले, तो प्रयोग आमचा नव्हता. कृषी केंद्रवाल्याने अंदाजाने दोन डबे दिले; ते मी फवारले, झाडं जशीच्या तशी. पुढे संशोधन प्रसिद्धही झालं. मुलीने प्रामाणिकपणे मोबाइलवर पाठवलं. इंग्रजी, आणि त्यातही खताच्या जागी पुन्हा एक अक्षर. पेटंटचं काम सुरू आहे म्हणे.

मला त्यांनी परिसंवादाला बोलावलं. सभागृहाच्या भिंतीवर माझ्या विहिरीकडच्या एका झाडाचा माणसाएवढा फोटो होता, वाळलेल्या शेंड्यांसकट. लोक त्याच्यासमोर चहा पीत उभे होते. एक जण मान हलवत म्हणाला, "अप्रतिम लक्षणं." मला शाल-श्रीफळ दिलं, सहभागी शेतकरी म्हणून. माइक हातात आला. मी आभार मानले नाहीत.

"त्या फोटोतलं झाड माझं आहे," मी म्हणालो. "सायबानं त्याले खत घालतो म्हणून शब्द दिला होता. कधी घालता?"

सभागृह हसलं. त्यांना वाटलं, खेड्यातला माणूस विनोदी आहे. प्राध्यापक म्हणाले, "फार चांगला प्रश्न आहे," आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली. पंगतीत संत्र्याची बर्फी होती. मी पानाला हात न लावता बाहेर पडलो.

आता बहाराची वेळ जवळ आली आहे. विहिरीकडची काही झाडं गेली, पण बाकीच्यांच्या खोडाला नख लावलं तर आत अजून ओलं आणि हिरवं आहे. या हंगामात त्यांना योग्य खत मिळालं तर ती जीव धरतील. नाहीतर पुढच्या वर्षी मला कुऱ्हाड घ्यावी लागेल. बायको ती झाडं बघायला जातच नाही, दुसऱ्या बांधाने पाणी आणते.

म्हणून हे लिहिलं. बैलबाजारात शब्द फिरवणाऱ्याला दुसऱ्या बाजाराला कोणी उभं करत नाही. विद्यापीठात त्याला काय करतात, मला माहीत नाही. प्राध्यापकांनी एकदा माझ्या विहिरीवर यावं आणि सांगावं: 'क'च्या पिशवीत काय होतं, आणि ते माझ्या झाडांना का मिळालं नाही? त्यांना वेळ नसेल, तर ज्यांनी हा प्रकल्प मंजूर केला त्यांनी यावं. बागेच्या एका आख्ख्या भागाला मुद्दाम उपाशी ठेवायला त्यांनीच परवानगी दिली होती. तो उपास सोडवायची जबाबदारी कोणाची, याचं उत्तर मला पाहिजे, आणि झाडं उभी आहेत तोवर पाहिजे.