बिननावाचा पॅटर्न

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक रीत आहे. नमुना आणा, तसाच्या तसा करून देतो. इंजिनाचा पंप असो नाहीतर गुऱ्हाळाच्या चरकाचं चाक असो, "हे मूळ कुणी केलं?" असं तिथं कुणी विचारत नाही. "किती नग?" एवढंच विचारतात. गुंडू मिस्त्री याच रीतीत वाढला. चाळिशीला टेकेपर्यंत लेथवर त्यानं हजारो वस्तू उतरवल्या, पण हे माझं असं म्हणावं असं त्यात काही नव्हतं. त्याचं त्याला वाईटही वाटत नव्हतं. पाण्यात राहणाऱ्याला तहान कशी ती ठाऊक नसते, तसलाच प्रकार.

त्र्याऐंशी साली नृसिंहराव त्याच्या दारात आले. जुन्या वकील घराण्यातले, शिकलेले इंजिनिअर, बावड्याच्या रस्त्याला स्वतःचा छोटा कारखाना. त्यांनी जपानहून रेडिओवर चालणारी एक बग्गी आणली होती. हातभर लांबीची, उघड्या अंगाची, जाड्या चाकांची. मागची दोन चाकं गाडी ढकलायची आणि पुढची दोन नुसती वळायची. हातातल्या डब्यावरची कांडी सरकवली की खाचखळगे बघायची नाही, उड्या मारत सुटायची. पण आपल्या मुरमानं तिला आठवड्यात आजारी पाडलं. धूळ आत शिरली आणि प्लॅस्टिकच्या गिअरचे दात गेले.

गुंडूनं ती उघडली, बोटानं धूळ काढली आणि म्हणाला, "जपान्याला आपली माती ठावं न्हाय, सायेब."

त्या दिवसापासून गडी कामातनं गेला. दुरुस्ती राहिली बाजूला, त्यानं आपल्या मातीला साजेशी नवीच बग्गी करायला घेतली. आधी मोटर मागच्या आसाच्या पुढं बसवली, तर भुसभुशीत मुरमात चाकं जागेवरच फिरायला लागली. मग मोटर आसाच्या मागं टाकली. आता पकड आली, पण जोर लावला की गाडी नाक वर करून उताणी पडायची. शेवटी बॅटरी दोन बोटं पुढं सरकवली तेव्हा कुठं ती माणसात आली. हादरे खाण्यासाठी तेलाच्या नळ्या केल्या आणि त्यांत सायकलच्या पंपाचा चामडी वॉशर कापून बसवला. या सगळ्यात खरा जीव होता तो गिअरबॉक्समध्ये. ॲल्युमिनियमचा, चारी बाजूंनी बंद, आत धुळीचा कणही जाणार नाही असा. तो ओतायचा म्हणजे वाळूत दाबून साचा उठवायला आधी लाकडाचा पॅटर्न हवा, आणि लाकडाचं काम म्हटलं की गुंडूला एकच घर माहीत होतं.

आण्णा. उद्यमनगरातले जुने पॅटर्नवाले. बिद्रीकडचं शेत धाकट्या भावावर सोडून गुंडू सोळाव्या वर्षी शहरात आला, तेव्हा आण्णांनी त्याला वखारीत झोपायला जागा दिली, जेवायला घातलं, आणि चुकलं की पट्टीनं हाणलं. त्यांनीच त्याला शिकवलं होतं की ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न किंचित मोठा करायचा असतो. किती मोठा, ते सांगणारी पॅटर्नवाल्यांची निराळी पट्टी असते. ज्याला ही पट्टी कळत नाही, तो तयार वस्तूच वाळूत दाबून नक्कल ओततो, आणि त्याची वस्तू थोडी बारकी निघते.

सागवानाचा तो पॅटर्न गुंडूनं आण्णांच्याच बाकावर केला, तीन महिने लावून. एकदा पटाशी निसटली आणि कोपऱ्यात एक तिरकी रेघ पडली. "ऱ्हाऊ दे," आण्णा म्हणाले, "तुझी खूण हाय ती." खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत आण्णांनी तो पॅटर्न पाटावर मांडला, वर झेंडूचं फूल ठेवलं. गुंडूला भरून आलं. एरवी प्रत्येक पॅटर्नवर मालकाचं नाव रंगवायची पद्धत. आण्णांनी ब्रशसुद्धा पुढं केला. पण गुंडू म्हणाला, "घरच्या घरात नाव कशाला?" आणि पॅटर्न तसाच आण्णांच्या माळ्यावर गेला. आता याला भोळेपणा म्हणायचं की मूर्खपणा, तुम्ही ठरवा. मला त्याचा रागच येतो.

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात नृसिंहरावांनी बावड्याला मोकळ्या माळावर शर्यत ठेवली. पुण्याबेळगावचे हौशी लोक आपापल्या जपानी गाड्या घेऊन येणार होते. रेडिओचा डबा गुंडूकडं कुठला असायला? तो नृसिंहराव देणार, असं वर्षभर ठरलेलं. गुंडूला बक्षिसाची हाव नव्हती. चार जाणत्या लोकांपुढं गाडी पळावी आणि ही गुंडू मिस्त्रीची, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणावं, एवढ्यासाठी त्यानं दोन वर्षं रात्रीचा दिवस केला होता. त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून, बग्गी टॉवेलात गुंडाळून तो माळावर गेला.

"गुंडू मिस्त्री, जरा अडचण झालीय," नृसिंहराव हसत म्हणाले. "रेडिओचा सेट आज पाहुण्यांना लागतोय. तुमची गाडी पुढच्या वेळी पळवू."

आणि मग त्यांच्या चार नव्या बग्ग्या माळावर उतरल्या. चारही गाड्यांच्या मागं तोच बंद गिअरबॉक्स. जपानी गाड्या धुळीनं खोकत एकेक बसल्या, आणि या चार पळतच राहिल्या. पुण्याचे पाहुणे टाळ्या वाजवत होते. नृसिंहराव सांगत होते, "आमच्या कारखान्याचं डिझाइन आहे. आता विक्रीला काढतोय."

गिअरबॉक्सचा एक नग गुंडूनंच नृसिंहरावांना बघायला दिला होता. तोच वाळूत दाबून नक्कल काढली असणार. शर्यत संपल्यावर तो सरळ पुढं गेला, एक गाडी उचलली आणि खिशातला व्हर्निअर काढला.

"चोरलंसा तुमी. माझ्या नगावरनं काढलंय ह्ये. आत्ता दावतो, बारकं निगंल बगा!"

"मोजा की," नृसिंहराव म्हणाले. ते अजिबात घाबरले नाहीत, आणि तिथंच गुंडूच्या मनात काहीतरी हललं.

त्यानं मोजलं. परत मोजलं. स्वतःच्या गिअरबॉक्सच्या मापाशी तसूभर फरक नव्हता. नक्कल असती तर लांबीत मिलीमीटरभर कमी भरली असती. मग नवा पॅटर्न करून ओतला असेल? त्यानं गाडी उताणी केली. कोपऱ्यात ती तिरकी रेघ होती. दुसऱ्याच्या हातच्या पॅटर्नवर ही रेघ कशी येईल? माप पूर्ण आणि रेघही जागेवर, म्हणजे हे त्याच्या स्वतःच्या सागवानी पॅटर्नमधनंच ओतलेलं होतं. आणि तो पॅटर्न जगात एकाच माळ्यावर होता.

"मी काही चोरलेलं नाही," नृसिंहराव हळू आवाजात म्हणाले. "ज्यांनी दिलं त्यांना विचारा."

बावड्यापासून उद्यमनगरापर्यंत गुंडू सायकल हातात धरून चालत आला. वाटेत त्यानं आण्णांच्या वतीनं दहा सबबी रचल्या. फसवून नेला असेल. धाक घातला असेल. आण्णांचं वय झालंय, दुसराच पॅटर्न समजून दिला असेल. यातली कुठलीही एक आण्णांनी सांगावी, तो डोळे मिटून खरी मानायला तयार होता.

आण्णा बाकावर रंधा मारत होते.

"आण्णा, नृसिंहरावांला पॅटर्न तुमी दिला?"

"दिला की." रंधा थांबला नाही. "कालिंदीच्या मालकाला कारखान्यात चिकटवलंय त्येनं. पोर दीड वर्स माह्यारात बसल्याली. मी किती दिस बगू?"

कालिंदी ही आण्णांची एकुलती लेक, नवऱ्याला काम नाही म्हणून माहेरी आलेली. गुंडूनं तिला खांद्यावर घेऊन जोतिबाची जत्रा दाखवली होती.

"मग मला सांगायचं हुतं," गुंडू म्हणाला. "कालिंदीसाठी मी न्हाय म्हणलो असतो व्हय?"

आता मात्र आण्णांनी रंधा खाली ठेवला. "न्हाय म्हणला नसतास, ठावं हाय मला. म्हणूनच इचारलं न्हाय. तू दिला असतास आणि मी जल्मभर तुझ्या उपकाराखाली ऱ्हायलो असतो. पट्टीनं हाणून शिकीवलंय तुला मी, गुंड्या. तुझ्याम्होरं हात पसरू?"

चोरी गुंडूनं गिळली असती. पण पंचवीस वर्षं ज्या घराला तो आपलं म्हणत होता, त्या घरात त्याच्याकडं काही मागणं ही कमीपणाची गोष्ट होती, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं. तो घरातला नव्हता. वखारीत झोपायला आलेला पोरगा होता.

"आण्णा," तो म्हणाला, "सोळाव्या वर्सापास्नं मी तुमच्याम्होरं हात पसरतोय. मला कदी लाज वाटली न्हाय."

आण्णांनी रंधा पुन्हा उचलला.