जोडाखालची फूट

माझ्या आईने सावंतवाडीजवळच्या एका रोपवाटिकेत तीस वर्षं आंब्याकाजूची कलमं बांधली. मी तिच्याच हाताखाली शिकलो, आणि त्या जोरावर फिंतासमधल्या एका कुवेती घरात बागेचं काम मिळवलं.

मालकाला आम्ही नोकरमाणसं 'बाबा' म्हणायचो. त्यांची बायको आजारी. युरोपात इलाज चालू असताना तिने तिकडची नासपती खाल्ली होती, तीच आता तिला स्वतःच्या अंगणात हवी होती. बाबांनी तीन कलमं मागवली. यांना रोग लागत नाही, असं सोबतच्या चिठ्ठीत होतं. अरे, इथल्या भट्टीत रोग तरी जगेल का! मी वर जाळी बांधली, बुडाशी पेंढा घातला, पहाटे गोडं पाणी दिलं. जूनमधल्या एकाच आठवड्यात दोन कलमं करपून गेली.

त्याच आठवड्यात घरून फोन आला, आईने अंथरूण धरलंय. मी रजा मागितली. बाबा म्हणाले, "तिसरं जगव, मग जा." पासपोर्ट त्यांच्या कपाटात. बोलणार काय, कप्पाळ!

तिसरंही वाळलं. मग एका सकाळी बुडातून हिरवे कोंब दिसले. वाकून पाहिलं. फूट कलम बांधलेल्या जोडाच्या खाली होती. म्हणजे वरची नासपती मेली होती आणि खालचा रानटी खुंट तेवढा फुटला होता. बाईंना हवं ते फळ त्याला कधीच धरणार नव्हतं. अशी फूट छाटायची, म्हणून सवयीने हात कात्रीकडे गेला, तेवढ्यात बाबा बायकोला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आले. तिने एक पान बोटांत धरलं आणि रडायला लागली.

"जगलं ना?" बाबांनी विचारलं.

"जगलं, बाबा."

लाज वाटली, पण आनंद जास्त झाला, खोटं कशाला सांगू? तिसऱ्या दिवशी पासपोर्ट हातात आला.

घरी पोचलो तेव्हा आईने मला ओळखलं. तिला बरं वाटावं म्हणून मीच बाईंच्या झाडाची गोष्ट काढली, पान फुटल्याचं सांगितलं. तिने लगेच विचारलं, "फूट जोडाच्या वयर इली की खाली?"

तिच्यापुढे खोटं बोलवेना. "खाली," म्हटलं.

"आणि त्या बाईक काय सांगितलंस?"

"जगलं म्हटलं. तुझ्यासाठीच गे, आये."

तिने तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर आठ दिवस ती होती. पाणी माझ्या हातून घ्यायची, पण माझ्याशी बोलली नाही.