रेघेच्या आत

पंचवटी कारंज्याजवळच्या पदपथावर राहणाऱ्या त्या आजींचे नाव मी अजून विचारलेले नाही. पन्नाशीनंतर कॅमेरा हाती घेतलेल्या माझ्यासारख्या भिडस्त बाईला "फोटो काढू का?" एवढे विचारायलाच कित्येक दिवस लागले. त्यांचे उत्तर ठरलेले असे, "आज नाय."

झाकणाला भोके पाडलेल्या बाटलीने त्या रोज सकाळी फरशीवर सडा घालतात, बोचक्यापुढे रांगोळीची एकच रेघ ओढतात आणि मगच चहाचा पहिला घोट घेतात.

काल मी धीर करून अगदी जवळ गेले, तशा त्या कडाडल्या, "ओ ताई! चपला घालून घरात शिरती का?"

मी खाली पाहिले. माझा पाय रेघेच्या आत पडला होता.

भर रस्त्यात, रिक्षावाल्यांच्या देखत, मी ओणवी होऊन सँडलचे पट्टे सोडले. कानशिले तापली होती. पण त्या ओल्या फरशीवर अनवाणी बसले मात्र, आणि छाती आनंदाने धडधडू लागली.

आजींनी पदर सावरला. "आता काढ. तिकडून काढला तर निस्ता रस्ता येतो."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. तेवढ्यात एका घाईतल्या माणसाचा बूट रेघेवर येऊ लागला. आजींनी हात उगारला, "बाजूनं जा की बाबा! घरात पाव्हणी आलीय, दिसत नाय का?"

त्याच क्षणी माझ्याकडून कॅमेऱ्याचे बटण दाबले गेले. फोटोत आजींचा हात हललेला आला आहे. रेघेबाहेर काढून ठेवलेल्या माझ्या सँडल मात्र अगदी स्पष्ट दिसतात.