मानेची पिसं

गुंडा फौजीला नदीतला एकच मासा हवा होता. पलूसच्या खालच्या अंगाला, हिवाळ्यात कृष्णेचं पाणी नितळ झालं की डोहात तो खडस दिसायचा. चार गावांचे गळ त्या डोहात पडत. कणकेचा गोळा टाका, गांडूळ टाका, तो जवळ यायचा, बघायचा, वळायचा. पाण्यावर बसलेली चिलटं तेवढी टिपायचा.

"तुज्यापरीस जास्त शिकल्याला हाय त्यो, गड्या," पलीकडच्या दगडावर गळ टाकून बसलेला सिद्धू म्हणायचा.

नोकरीत असताना गुंडाने हिमाचलात साहेबलोकांना पिसाच्या माशीने ट्राउट मासे धरताना बघितलं होतं. बारक्या गळाला दोऱ्याने पीस गुंडाळायचं, की ते माशीसारखं दिसतं. माशी तरंगते, बुडत नाही. पीस मात्र कोंबड्याच्या मानेचं लागतं, ताठ. घरात कोंबडा एकच होता, आणि तो म्हसोबाचा. गुंडाच्या बायपासच्या वेळी त्याच्या बायकोने, शालूबाईने, नवस बोलला होता. माघात तो कोंबडा अंगाने धड द्यायचा होता.

गुंडा त्याला गुडघ्यांत दाबायचा आणि एकेक पीस उपटायचा; बांधलेली माशी बुडाली की परत नवं.

"आवं, देवाचा हाय त्यो."

"देव काय पिसं मोजतोय व्हय?"

"तुमचा जीव वाचला म्हणून बोलल्याला हाय."

"मग माजाच झाला की."

मान सोलल्यासारखी लाल झाली. रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या टोचायला लागतात, म्हणून शालूबाईने हळद लावून त्याला डालग्याखाली वेगळा झाकला. दुपारी ती रानात गेल्यावर गुंडाने पीस घेतलं आणि डालगं बाजूला टाकून, कोंबडा तसाच उघडा ठेवून नदीवर गेला.

ती परत आली तेव्हा कोंबडा भिंतीला लागून अजून उभा होता, आणि कोंबड्या त्याला मानेपासून खात होत्या.

तिनेच विळीने त्याला संपवला. गुंडा आल्यावर त्याच्या मांडीवर टाकला.

"घ्या. समदी घ्या आता."

त्याने घेतली.

सकाळी माशी पाण्यावर पडली, आणि खडस वर येऊन ती घेऊन गेला. गुंडाने ओढून काठावर घातला. सिद्धू पाण्यातून चालत बघायला आला.

मासा नुसता काटा उरला होता. जबडा मोडलेला, त्यात गंजलेले गळ रुतलेले, एकाला तंगुसाचा तुटका दोरा लोंबत होता. तोंड मिटतच नव्हतं.

"ह्येला मोटं कायबी गिळताच येत नव्हतं रं," सिद्धू हसत म्हणाला. "चिलटांवर जगत हुता. आन आमी म्हणतोय, शाना हाय." त्याने वाकून एक गळ उपसून काढला, पँटीला पुसला. "ह्यो माजा."

गुंडाने मासा घरी आणला.

"कापतीस?"

"काय हाय त्यात कापायला?"

"देवाला दुसरा कोंबडा आण. मी पैसं देतो."

"दुसरा बोलल्याला न्हवता."

"मग देवाला काय सांगायचं?"

शालूबाईने एकच ताट घेतलं, त्यात स्वतःपुरती भाकरी घातली आणि जेवायला बसली.

"कुणाच्या जिवासाठी बोलल्याला, त्ये त्येला ठावं हाय," ती म्हणाली. "त्यो बघंल."